डाव्या हाताचा सूड

मित्रांनो, दर रविवारी तुम्ही मराठीच्या वर्गाला गजभियेकाकांच्या घरी येता, तेव्हा पुस्तकांच्या कपाटावर एक काळपट, जाडजूड वस्तू दिसते. तुमच्यातल्या कुणालातरी ती मेलेलं कासव वाटली होती. मी कासव नाही. बेसबॉल खेळताना डाव्या हातात घालतात तो चामडी ग्लोव्ह म्हणजे मी, आणि आता मी म्हातारा झालो आहे. काकांना माझ्याबद्दल विचारलं तर ते "नागसेनचा आहे" एवढंच म्हणतात आणि फळ्याकडे वळतात. म्हणून माझी गोष्ट मीच सांगतो. ती सुडाची आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म जपानमधला. नारा शहराजवळच्या एका छोट्या कारखान्यात बैलाचं कमावलेलं कातडं कापून मला घडवलं. सातो नावाच्या बाईंनी चामड्याच्या वादीने माझी बोटं एकमेकांना शिवली आणि लाकडी हातोड्याने ठोकून ठोकून माझ्या तळव्यात चेंडूपुरता खळगा केला. ते ठोकणं मला अजून आठवतं. दुखत होतं, पण त्या बाईंच्या हाताला घाई नव्हती. मग मनगटाच्या पट्टीवर 'जपान' असा छाप बसला आणि इतर ग्लोव्ह्जबरोबर जहाजातून मी अमेरिकेला आलो.

ह्यूस्टनच्या एका दुकानातून मला देवानंद गजभिये यांनी घेतलं. तेच तुमचे काका. नागपूरहून शिष्यवृत्तीवर शिकायला आलेले, मग एका तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनीअर झालेले. शुगर लँडला त्यांचं घर होतं. मुलगा नागसेन इथेच जन्मलेला, हायस्कुलात शिकणारा, ताडासारखा उंच. तो पिचर होता. पिचर म्हणजे मधल्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहून बॅटरकडे चेंडू फेकणारा खेळाडू.

मला घरी आणलं त्या दिवशी कमलाकाकू म्हणाल्या, "काहून एवढं जाड चामडं आणलं हो? पोराचा हात अवघडून जाईल."

काकांनी मला आपल्या हातात घालून पाहिलं. मग मुलाला म्हणाले, "बाबू, माझे आजोबा गावातली मेलेली ढोरं ओढायचे. कातड्याला हात लागतो म्हणून गाव त्यांना पाण्याजवळ येऊ देत नव्हतं. तू हे कातडं हातात घाल आणि सगळ्यांसमोर मिरव."

"ओके, बाबा," नागसेन म्हणाला. त्याला सगळं कळलं होतं की नाही, ठाऊक नाही. मला मात्र कळलं. त्या दिवसापासून मी स्वतःला नुसता ग्लोव्ह समजलो नाही.

कॉलेजात नागसेनच्या चेंडूला इतका वेग आला, की एका व्यावसायिक क्लबाने त्याला आपल्या खालच्या फळीतल्या संघात घेतलं. संघाचं नाव मस्टँग्स. सगळ्यांच्या छातीवर उधळलेला घोडा. आणि कोच होता बक टॉलिव्हर.

मित्रांनो, या माणसाची नजर मी कधी विसरणार नाही. घारीसारखी होती. कुणाचा गुडघा दुखतो, कोण घाबरलाय, कुणाची झोप झालेली नाही, सगळं त्याला लांबून दिसे. अशी नजर असलेल्या माणसाने किती मुलं घडवली असती! टॉलिव्हर ती फक्त माणसाला कुठे टोचायचं, हे शोधायला वापरायचा. नागसेनचं नाव त्याने पहिल्याच दिवशी तोडून 'नॅग' केलं. इंग्रजीत नॅग म्हणजे मरायला टेकलेलं घोडं. नागसेन मैदानात उतरला, की तो डगआउटमधून, म्हणजे संघाच्या बसायच्या जागेतून, खिंकाळायचा. मग बाकीचेही खिंकाळायचे. छातीवर घोडा लावून फिरणारी माणसं माझ्या मालकाला घोडा म्हणून हसत होती.

नागसेन गप्प राहिला. मला वाटायचं, याला राग येतच नाही की काय.

मग १९८३च्या वसंतात तो सामना झाला. समोरच्या संघातल्या एका बॅटरने आमची फार धुलाई केली होती. टॉलिव्हर माउंडवर, म्हणजे पिचरच्या त्या उंचवट्यावर, आला आणि नागसेनच्या कानाशी म्हणाला, "पुढचा चेंडू त्याच्या डोक्यावर मार."

"नो, सर."

"काय म्हणालास?"

"मी त्याला आउट करीन. मारणार नाही."

नागसेनने त्याला खरंच आउट केलं. सामना संपल्यावर टॉलिव्हरने सगळ्यांना उभं केलं आणि नागसेनच्या हातातून मला ओढून घेतलं. पट्टीवरचा 'जपान' हा छाप वाचून तो हसला. तो सतत तंबाखू चघळत असे. तोंडात साचलेली ती काळी थुंकी त्याने नीट नेम धरून माझ्या खळग्यात टाकली. सातोबाईंनी ठोकून केलेल्या त्याच खळग्यात. मग मला कचऱ्याच्या पिंपात भिरकावून दिलं.

"स्वस्त माल," तो म्हणाला. "नॅग, घरी जा. संपलं तुझं."

केळ्यांच्या सालींवर पडून मी वर पाहत होतो. सगळे निघून गेल्यावर पिंपाच्या तोंडाशी नागसेनचा चेहरा आला. त्याने मला उचललं, झटकलं आणि छातीशी घट्ट आवळलं. तेव्हा मला कळलं, की राग त्याला येत होता. तो साठवत होता.

त्यानंतर तो एका क्लबातून दुसऱ्या क्लबात फिरला. सगळीकडे नकार. शेवटी एका भल्या कोचने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "अरे, टॉलिव्हरने सगळ्यांना फोन करून सांगितलंय, तुझा खांदा फाटलाय आणि तू ते लपवतोस. आता तुला कोण घेईल?"

नागसेनचा खांदा ठणठणीत होता. पण खोटं पुढे निघून गेलं होतं आणि हा त्याच्यामागे पायी धावत होता.

त्या उन्हाळ्यात शुगर लँडच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. एकदा जेवताना नागसेन मराठीत म्हणाला, "बाबा, मला त्याला हर्ट करायचंय. खूप." त्याच्या मोडक्या मराठीत ते फार भयंकर वाटलं.

काकूंनी ताट बाजूला सारलं. काका शांतपणे म्हणाले, "माफ करायचं की नाही, ते तुझं तू ठरव. मी सांगणार नाही. पण विसरल्याचं नाटक करू नको. आमच्या लोकांनी ते फार वर्षं केलं."

पुढचा रस्ता अनपेक्षित दिशेने आला. काकांच्या कारखान्यात मोरिता नावाचे एक जपानी इंजिनीअर होते. त्यांचा मेहुणा जपानमधल्या हिरोकावा क्रेन्स या व्यावसायिक संघासाठी खेळाडू शोधायचं काम करी. मोरितांनी एका रविवारी पार्कात नागसेनची पिचिंग पाहिली. चेंडू काकांच्या हातातल्या जुन्या ग्लोव्हवर आदळत होता आणि प्रत्येक वेळी काका कळवळत होते. मोरिता म्हणाले, "गजभिये-सान, तुमचा खांदा फाटेल. त्याचा नाही." त्यांनी मेहुण्याला फोन केला. पुढे नागसेन जपानला गेला, आणि मी माझ्या माहेरी.

लगेच सगळं छान झालं, असं समजू नका. दोन हिवाळे त्याला दुय्यम संघात ठेवलं. डोंगरातल्या देवळाच्या पायऱ्या त्याला धावत चढायला लावत. भाषा येत नव्हती, जेवण गोड लागत नव्हतं. पण तिथे कुणी खिंकाळलं नाही. त्याला सगळे 'नागा-सान' म्हणत. जपानीत 'नागाइ' म्हणजे लांब, आणि नागसेन तर दाराला डोकं आपटणारा. हसत ते लोकही, पण त्यात विष नव्हतं.

तिथे त्याची जोडी ओकुदा नावाच्या कॅचरबरोबर जमली. कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरचे चेंडू झेलणारा. ओकुदा वयाने मोठा, बुटका आणि फार कमी बोलणारा होता. त्याने नागसेनला फोर्कबॉल शिकवला. दोन बोटं फाकवून त्यांच्या बेचक्यात चेंडू घट्ट धरायचा. असा चेंडू सरळ येतो आणि बॅटरजवळ पोहोचताच, जणू टेबलाच्या कडेवरून खाली पडतो. बोटं फाकवायचं ते काम माझ्या आत, लपून चालायचं. कुठला चेंडू येणार, हे जगात सगळ्यांत आधी मला कळायचं.

ओकुदाने एकदा माझा डागाळलेला खळगा पाहिला आणि पुसायला ओलं फडकं आणलं. नागसेनने मला मागे घेतलं.

"राहू दे," तो म्हणाला. "मला तो लागतो."

मलाही तो लागत होता, मित्रांनो. चेंडू येऊन त्या डागावर आदळला, की मला टॉलिव्हरचं तोंड दिसे आणि मी चेंडू सोडत नसे.

१९८६च्या फेब्रुवारीत क्रेन्स संघ सरावासाठी ॲरिझोनाला आला. जपानी संघ थंडी टाळायला तिकडे येतात. परदेशी खेळाडूंना संघात जागा मोजक्याच असतात. त्यामुळे नागसेन राहणार की दुसरा कुणी, हे मॅनेजर हारादा या दौऱ्यात ठरवणार होते. शेवटचा सराव सामना एका अमेरिकन संघाशी होता. फलकावर नाव लागलं आणि नागसेनचा हात माझ्या आत गार पडला. मस्टँग्स.

कोच तोच होता. पोट सुटलेलं, केस पांढरे, पण नजर तीच. नागसेन माउंडवर चढताच त्याने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि खिंकाळला.

गजभियेकाका आणि काकू टेक्सासहून गाडी चालवत आले होते. ते पहिल्या रांगेत बसले होते. काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी फक्त टोपी नीट केली.

सुरुवातीच्या तीन इनिंग्जमध्ये, म्हणजे फलंदाजीच्या तीन पाळ्यांमध्ये, नागसेनने मस्टँग्सना हलू दिलं नाही. वेगवान चेंडू त्यांना दिसत नव्हता. फोर्कबॉलवर ते हवेत बॅट फिरवत आणि तोंडघशी पडता पडता वाचत. डेल नावाचा त्यांचा सगळ्यांत तगडा बॅटर, जो पूर्वी सर्वांत मोठ्याने खिंकाळायचा, तो बॅट घासत परत गेला. मी आत नुसता पेटलो होतो. आणखी आणा, मला वाटत होतं. आणखी आणा.

चौथ्या इनिंगमध्ये शिट्टी ऐकू आली.

नागसेनने माझ्यात हात घातला, फोर्कबॉलसाठी बोटं फाकवली, आणि डगआउटमधून बारीक शिट्टी वाजली. बॅटर ढिम्म उभा राहिला. चेंडू खाली पडला, पंचाने ती पिचरची चूक धरली. अशा चार चुका झाल्या, की बॅटर फुकटात पुढे जातो. पुन्हा तसंच. शिट्टी वाजली, की ते बॅट फिरवतच नसत. शिट्टी नसली, की वेगवान चेंडूची वाट पाहून दणका देत. बघता बघता तिन्ही बेसेसवर, म्हणजे धावून गाठायच्या ठिकाणांवर, त्यांची माणसं उभी राहिली. डगआउटमध्ये पुन्हा खिंकाळणं सुरू झालं.

ओकुदा उठून माउंडवर आला. त्याने नागसेनकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडे पाहत होता.

"फोर्कबॉल धरतोस तेव्हा हा फुगतो," तो म्हणाला. "आत बोटं फाकतात, बाहेर ग्लोव्ह पसरतो. त्या म्हाताऱ्याने ते पाहिलं. दोन वर्षं आमच्या इथे कुणाला दिसलं नाही."

मित्रांनो, त्या क्षणी मला पुन्हा त्या पिंपात जावंसं वाटलं. ज्याच्यावर सूड घ्यायचा, त्याला मीच सगळं सांगत होतो! माझं म्हातारं, सैल पडलेलं चामडं चुगली करत होतं.

नागसेनचा चेहरा पडला. "ग्लोव्ह बदलू?" त्याने विचारलं.

"नको," ओकुदा म्हणाला. तो दोन वर्षांत पहिल्यांदा हसला. "त्याला शिट्टी वाजवायची आहे ना? वाजवू दे. फोर्कबॉल आधीच, पाठीमागे धर. आणि वेगवान टाकायचा असेल, तेव्हा याला फुगव."

ओकुदा परत जाऊन बसला. नागसेनने मला छातीसमोर धरलं आणि आतून बोटांनी मुद्दाम रुंद केलं. मी जेवढा पसरू शकत होतो, तेवढा पसरलो.

शिट्टी वाजली.

बॅटर खुशाल उभा राहिला, आता खाली पडेल म्हणून. चेंडू सणसणत सरळ मधून गेला.

"स्ट्राइक!" पंच ओरडला. असे तीन झाले, की बॅटर आउट.

पुन्हा शिट्टी, पुन्हा सरळ मधून. मग मला मिटलेलं ठेवून नागसेनने फोर्कबॉल टाकला आणि बॅटरने जिवाच्या आकांताने हवा कापली. तो आउट. पुढचा आउट. त्याच्या पुढचाही. तीन आउट, पाळी संपली. बेसेसवरची माणसं तिथेच उभी राहिली आणि मान खाली घालून परतली.

पाचव्या इनिंगमध्ये बॅटर टॉलिव्हरकडे वळून बघू लागले. सहाव्यात एक जण ओरडला, "कोच, शिट्टी बंद करा!" टॉलिव्हर चिडला. त्याची नजर खरंच तीक्ष्ण होती आणि तो जे पाहत होता, ते खरंच दिसत होतं. म्हणूनच तो ते सोडू शकत नव्हता. त्याने आणखी जोरात शिट्टी वाजवली. आम्ही कधी खरं दाखवलं, कधी खोटं. मस्टँग्सना मग एकही फटका मारता आला नाही. प्रेक्षकांतले अमेरिकन लोकसुद्धा उभे राहून नागसेनसाठी टाळ्या वाजवू लागले.

शेवटचा बॅटर डेल होता. दोन स्ट्राइक झाले होते. आणखी एक, आणि सामना संपणार होता. नागसेनने मला छातीशी आणलं, पूर्ण पसरवलं आणि तसंच धरून ठेवलं. त्याने बॅटरकडे पाहिलं नाही. तो डगआउटकडे, टॉलिव्हरच्या डोळ्यांत पाहत राहिला. डेलही तिकडेच पाहत होता. सगळं मैदान पाहत होतं.

टॉलिव्हरची बोटं ओठांवर होती. शिट्टी वाजली नाही. त्याला कळतच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तो जे पाहत होता, त्यावर त्याचा विश्वास उरला नव्हता. हळूहळू त्याचा हात खाली आला.

मग नागसेनने चेंडू टाकला. फोर्कबॉल. डेल गुडघ्यावर आला आणि त्याने हेल्मेट काढून आपल्याच डगआउटच्या दिशेने भिरकावलं.

तेव्हा मला काय वाटलं? गोड वाटलं, मित्रांनो. मोठी माणसं सांगतात, सुडाने समाधान मिळत नाही. मला मिळालं. मी खोटं का सांगू?

पण गोष्ट तिथे संपली नाही. संध्याकाळच्या उन्हात नागसेन आईवडिलांशी बोलत उभा असताना टॉलिव्हर आला. टोपी हातात होती.

"काय फेकलंस, नागसेन!" तो म्हणाला. पहिल्यांदा पूर्ण नाव. "मी नेहमी म्हणायचो, या मुलात काहीतरी आहे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "या मोसमानंतर हे लोक मला ठेवणार नाहीत. ऐकलं, तुमच्या क्लबाला अमेरिकन कोच हवाय. तुझ्या मॅनेजरशी माझं बोलणं करून देशील? मला त्यांची भाषा येत नाही."

काकूंना तो कोण, हे कळलं. त्यांनी पर्स घट्ट धरली.

नागसेन त्याला मॅनेजर हारादांकडे घेऊन गेला. मी त्याच्या काखेत होतो. टॉलिव्हर बोलत राहिला, आपला अनुभव, आपण घडवलेली मुलं, आणि नागसेनने शब्द न शब्द जपानीत सांगितला. एकही शब्द गाळला नाही. हारादांनी ऐकून घेतलं. मग जपानीत विचारलं, "तू याच्या हाताखाली होतास. माणूस कसा आहे?"

टॉलिव्हर आशेने हसत मान हलवत होता. त्याला वाटलं, त्याचं कौतुक चाललं आहे.

नागसेन म्हणाला, "यांच्यासारखी नजर मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. तुमच्या पिचर्सचे दोष हे एका दिवसात काढतील. पण जो मुलगा यांना नकार देईल, त्याला हे संपवतील. आणि तो निघून गेल्यावरही खोटं सांगत त्याच्या मागे जातील. माझ्यामागे आले होते."

हारादांनी टॉलिव्हरला किंचित वाकून नमस्कार केला आणि ते बसकडे निघून गेले.

"काय म्हणाले?" टॉलिव्हरने विचारलं.

"नाही म्हणाले."

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"खरं तेच," नागसेन म्हणाला. "तुमच्याबद्दल खोटं सांगायची गरजच नाही, कोच."

टॉलिव्हर टोपी हातातच धरून उभा राहिला. आम्ही मागे वळून पाहिलं नाही.

गाडीपाशी काकांनी विचारलं, "त्यात एक तरी शब्द खोटा होता?"

"नो, बाबा."

"मग ठीक."

काकू मात्र थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्याच्या घरी कोण कोण असेल रे?" काकांनी गाडीचं दार उघडलं. मीही त्यावर विचार केला नाही. अजूनही फारसा करत नाही.

नागसेनला संघात जागा मिळाली. लगेच एका जपानी कारखान्याने त्याच्यासाठी नवा, कडक ग्लोव्ह बनवायला घेतला. तो फुगत नाही, चुगली करत नाही. ते बरोबरच आहे. पण निरोपाच्या वेळी नागसेनने मला वडिलांच्या गाडीत ठेवलं, तेव्हा मला त्या नव्याचा जो राग आला, तो टॉलिव्हरवरच्या रागाहून कमी नव्हता. शुगर लँडला मी गॅरेजमधल्या एका खोक्यात गेलो. टेक्सासचा दमट उन्हाळा तुम्ही जाणता. माझ्यावर बुरशी चढली, वाद्या कडक झाल्या, एक तुटली. कुणी मुद्दाम काही केलं नाही. फक्त विसरले. थुंकणाऱ्याला निदान चेहरा असतो. विसरणाऱ्यांपैकी कुणावर दातओठ खायचे, हेही कळत नाही.

काकूंनी गॅरेज आवरताना मला काढलं, पुसलं, उन्हात न टाकता सावलीत वाळवलं, थोडं तेल चोळलं आणि वर कपाटावर ठेवलं. म्हणून आज बोलतो आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी असे कितीतरी जण खोक्यांत पडले असतील. त्यांना बाहेर काढा. चामड्याला ओल लागू देऊ नका, भर उन्हात टाकू नका, अधूनमधून तेल लावा. आणि नुसतं कपाटावर ठेवून पूजा करू नका. मला खाली घ्या. मागच्या अंगणात न्या. डाव्या हातात घाला आणि कुणालातरी जोरात चेंडू टाकायला सांगा. मी म्हातारा आहे, एखादा चेंडू सुटेल माझ्यातून. तेव्हा हसा खुशाल. पण चिडून मला जमिनीवर आपटू नका.

मी लक्षात ठेवतो.